मोटारींतील रेडिओची खरखर

शांत घरांत रेडिओ ऐकणें निराळें आणि धांवत्या मोटारींत तो ऐकणें निराळें. घरांतील ग्राहकयंत्र एका जागीं स्थिर असतें. त्याच्या आसपास फारशी गडबड नसते. मोटारींतल्या यंत्रास मात्र वीज निर्माण करणाऱ्या, ठिणग्या पाडणाऱ्या आणि अखंड हादरणाऱ्या यंत्रसमूहाच्या अगदीं शेजारीं बसून, दूरच्या ध्वनिक्षेपण केंद्राकडून येणारी अत्यंत क्षीण लहर टिपावयाची असते. एरियलवर उतरणारा त्या लहरीचा विद्युद्दाब पुष्कळदां व्होल्टच्या कांहीं लक्षांशांइतकाच असतो. आणि तेथून हात-दोन हातांवर, बॉनेटखालीं, स्पार्क प्लगकडे जाणाऱ्या तारेंत वीस वीस हजार व्होल्टांचा दाब क्षणोक्षणीं उसळत असतो. नगाऱ्याच्या घाईंत टिमकीचा आवाज ऐकूं यावा अशी ही अपेक्षा आहे. मोटारींतील रेडिओ खरखरतो याचें नवल नव्हे; तो इतका स्वच्छ वाजूं शकतो, हेंच खरें नवल होय.

तथापि ही खरखर सुरू झाली म्हणजे बहुतेक कुटुंबांत दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. एक तर मंडळी रेडिओ बंद करून मुकाट्यानें प्रवास करतात, नाहीं तर दुकानांत जाऊन चांगला चालणारा सेट काढून टाकतात व नवा बसवितात. पहिल्या उपायानें आनंद जातो, दुसऱ्यानें पैसा जातो; आणि पैसा जाऊनही खरखर पुष्कळदां तशीच राहते, कारण दोष सेटमध्यें नसतोच. शिवाय कानाशीं शीळ आणि तडतड चालू असली म्हणजे चालविणाऱ्याचें चित्त वारंवार विचलित होतें, हात बटणाकडे जातो आणि दृष्टि रस्त्यावरून ढळते. घाटांतील वळणावर ही किंमत फार मोठी पडूं शकते. म्हणून ही खरखर कोठून येते, हें ओळखण्याची साधी रीत प्रत्येक मोटारवाल्या घरांत ठाऊक असणें इष्ट आहे.

या उपद्रवाचें मूळ रेडिओच्याच जन्मकथेंत आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाइन्‍रिख हर्ट्झ यानें 1887 सालीं विद्युच्चुंबकीय लहरींचे आपले प्रसिद्ध प्रयोग आरंभिले, तेव्हां लहरी उत्पन्न करण्यासाठीं त्यानें दोन धातूच्या गोळ्यांमध्यें ठिणगी पाडली. पुढें मार्कोनीच्या बिनतारी संदेशयंत्रांतही ठिणगीच होती. 1912 सालीं बुडत असलेल्या टायटॅनिक जहाजावरून साहाय्याची हांक गेली ती ठिणगीच्याच यंत्रानें. तात्पर्य, जेथें विजेची ठिणगी पडते तेथें एक लहानसें ध्वनिक्षेपण केंद्रच उभें राहतें. आणि तें केंद्र एका ठराविक लहरीवर न बोलतां सर्वच लहरींवर एकदम ओरडतें. पेट्रोलची मोटार म्हणजे असें एक फिरतें केंद्र होय. चार स्ट्रोकचें, चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास 3,000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक फेऱ्यास दोन या हिशेबानें सेकंदास 100 ठिणग्या पडतात. स्पार्क प्लगची तार ही त्या केंद्राची आयती एरियल बनते.

1930 सालीं अमेरिकेंत शिकागो येथील पॉल गॅल्विन यांच्या कारखान्यानें ‘मोटोरोला’ या नांवानें मोटारींतील रेडिओ बाजारांत आणला. मोटारींत रेडिओ बसविण्याचे प्रयत्न त्यापूर्वींही झाले होते. परंतु व्यापारी दृष्ट्या पहिलें मोठें यश या सेटला लाभलें. त्या काळीं सेट बसविणें हें एका दुपारचें काम नव्हतें. निर्वात नळ्यांना लागणारा अधिक दाब पुरविण्यासाठीं निराळ्या बॅटऱ्या ठेवाव्या लागत, छताच्या आंत एरियल पसरावी लागे, आणि हें सारें झाल्यावर इंजिन चालू करतांच जी तडतड उठे ती शमविण्यासाठीं प्लगांना व तारांना निरनिराळे रोधक आणि कंडेन्सर जोडावे लागत. त्या पहिल्या कारागिरांनीं जे उपाय शोधले, त्यांचें तत्त्व आजही बदललेलें नाहीं.

शोधाची पहिली पायरी म्हणजे ऐकणें. वैद्य जसा नाडी पाहिल्याविना मात्रा देत नाहीं, तसें खरखर नीट ऐकल्याविना पान्ह्याला हात लावूं नये. समजण्यास सोपें जावें म्हणून एका काल्पनिक गृहस्थांचें उदाहरण घेतां येईल. हे गृहस्थ वरचेवर मुंबईहून पुण्यास जातात. मागच्या आसनावर त्यांची वृद्ध आई व पत्नी असते. आईस सकाळचीं भक्तिगीतें ऐकावयाचीं असतात. मोटारीला नवा रंग देऊन आणल्यापासून रेडिओवर तडतड येऊं लागली. मेस्त्रींनीं क्षणभर ऐकून निकाल दिला, “साहेब, सेट जुना झाला. नवा बसवा, म्हणजे कटकट मिटली.” तेव्हां पत्नी म्हणाली, “अहो, गाडी बंद असतांना तर अगदीं स्वच्छ वाजतो. मग सेटचा काय दोष?” या एका प्रश्नांत तपासाची सारी दिशा सामावलेली आहे.

म्हणून पहिली कसोटी अशी : मोटार उभी करावी, इंजिन बंद ठेवावें आणि रेडिओ लावावा. खरखर तरीही येत असेल, तर मोटार पन्नास-शंभर पावलें दूर नेऊन पुन्हां ऐकावें. जागा बदलतांच ती कमी झाली, तर उगम बाहेर आहे. विजेच्या खांबावरील सदोष चिमणी, दुकानाची दिव्यांची पाटी, अथवा विजेच्या आगगाडीच्या तारेपाशीं पडणाऱ्या ठिणग्या हीं त्याचीं नेहमींचीं कारणें होत. मुंबईंत तर 1925 सालापासून विजेच्या गाड्या धांवत आहेत. वैशाख-ज्येष्ठांत दूर कोठें वीज कडाडली तरी मध्यम लहरींवर ‘कडड्’ असा आवाज उमटतो. त्यावर कोणत्याही मेस्त्रीपाशीं औषध नाहीं. आणि कोठेंही नेलें तरी, इंजिन बंद असतांही, खरखर तशीच राहिली, तरच सेटवर किंवा त्याच्या एरियलवर संशय घ्यावा.

इंजिन बंद असतांना शांतता आणि चालू होतांच उपद्रव, असा प्रकार असल्यास दुसरी कसोटी लावावी. इंजिन हळू चालवावें, मग वेग वाढवावा आणि आवाजाचें रूप पाहावें. ‘टिक्-टिक्’ किंवा ‘तड्-तड्’ असा तुटक आवाज वेगाबरोबर दाट होत असेल, तर तो ठिणगीचा होय. बारीक, अखंड शीळ वेगाबरोबर चढत व उतरत असेल, तर ती वीज निर्माण करणाऱ्या यंत्राची, म्हणजे जुन्या गाड्यांत डायनमोची आणि नव्या गाड्यांत अल्टरनेटरची होय. डिझेलच्या इंजिनांत ठिणगीच नसते. म्हणून डिझेलच्या मोटारींत तडतड आली तर प्लगाचा विचारही करण्याचें कारण नाहीं. वायपर, पंखा किंवा खिडकीची मोटर सुरू करतांच आवाज येत असेल, तर अपराधी स्वतःच सांपडला. खड्ड्यांतून जातांना तेवढा ‘खट्ट’ आवाज होत असेल, तर कोठें तरी जोड सैल आहे.

तिसरी कसोटी उपद्रवाची वाट ओळखण्याची. तो सेटमध्यें दोन मुख्य वाटांनीं शिरतो : एरियलच्या वाटेनें किंवा वीज पुरविणाऱ्या तारांच्या वाटेनें. सेटच्या पाठीमागील एरियलची तार काढून पाहावी. कार्यक्रम बंद पडेल, हें खरें; पण त्याबरोबर खरखरही थांबली, तर ती एरियलच्या वाटेनें येत होती. कार्यक्रम गेला आणि खरखर मात्र राहिली, तर ती तारांतून येत आहे. तसेंच आवाज लहान-मोठा करण्याचें बटण फिरवून पाहावें. बटणाबरोबर खरखर कमी-जास्त होत असेल, तर ती त्या बटणाच्या आधींच्या भागांत शिरते. बटण पार खालीं आणलें तरी ती तेवढीच राहिली, तर कर्ण्याच्या तारा किंवा स्वतंत्र ॲम्प्लिफायर तपासावा. या तीन कसोट्यांना पैसा लागत नाहीं आणि अर्ध्या तासाहून अधिक वेळही लागत नाहीं.

आतां उपाय. ठिणगीचा उपद्रव एरियलच्या वाटेनें येत असेल, तर प्रथम एरियलचें बूड पाहावें. एरियलच्या तारेभोंवतीं जी जाळीदार धातूची वेष्टणें असतात, तीं मोटारीच्या पत्र्यास घट्ट व स्वच्छ टेकलेलीं असलीं पाहिजेत. मध्यें रंग, गंज किंवा माती आली, कीं वेष्टण निरुपयोगी होतें आणि आंतील तार उघड्यावर पडल्यासारखी होते. विजेचा रोध मोजणाऱ्या मीटरनें पाहिल्यास हें वेष्टण व पत्रा यांमधील रोध एक ओहमच्याही खालीं असावयास हवा. वर सांगितलेल्या गृहस्थांच्या मोटारींत हाच दोष निघाला. रंगाऱ्यानें एरियल काढून, रंग देऊन, ती ताज्या रंगावरच पुन्हां बसविली होती. पॉलिश पेपरनें बुडाखालचा वर्तुळाकार रंग तेवढा खरवडून एरियल घट्ट बसवितांच तडतड थांबली आणि आईचीं भक्तिगीतें पुन्हां सुरू झालीं. नव्या सेटचे पैसे वांचले, ते एका समंजस प्रश्नानें आणि कागदाच्या एका तुकड्यानें.

एरियल निर्दोष असूनही तडतड राहिली, तर ठिणगीच्या मार्गाकडे वळावें. ठिणगीची तीव्र उसळी मंद करण्यासाठीं तिच्या मार्गांत रोध घालतात. आजकालच्या पुष्कळ प्लगांच्या आंतच सुमारें 5,000 ओहमांचा रोधक बसविलेला असतो, आणि अशा प्लगाच्या क्रमांकांत बहुधा ‘आर’ हें अक्षर असतें. प्लग बदलतांना स्वस्त म्हणून विनारोधक प्लग घातले, तर दुसऱ्याच दिवशीं रेडिओ तक्रार करूं लागतो. प्लगच्या तारांतही तांब्याऐवजीं कार्बनयुक्त गाभा असतो. ती तार जुनी होऊन आंतून तुटली, तर तुटलेल्या जागीं आणखी एक ठिणगी पडूं लागते. रात्रीं अंधारांत बॉनेट उघडून पाहिल्यास अशी निळसर चमक कधीं कधीं डोळ्यांना दिसते. मात्र चालू इंजिनाच्या या तारांना हात लावूं नये, आणि पदर, उपरणें अथवा सैल बाही फिरत्या पट्ट्याजवळ नेऊं नये.

जुन्या, संपर्कबिंदूंच्या गाड्यांत कॉइलच्या बॅटरीकडील टोंकास एक कंडेन्सर जोडतात. येथें एक सावधगिरी आवश्यक आहे. तोच कंडेन्सर चुकून संपर्कबिंदूकडील टोंकास जोडला, तर ठिणगी बिघडते व बिंदू जळतात. नव्या, इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या गाड्यांत तर अंदाजानें कोठेंही कंडेन्सर लावूं नये. बॉनेटचा पत्रा बिजागरीपाशीं गंजला असेल, तर तो वेणीसारख्या तांब्याच्या पट्टीनें मोटारीच्या मुख्य सांगाड्यास जोडावा. मग तो पत्रा एरियलप्रमाणें न वागतां झांकणाप्रमाणें वागतो आणि उपद्रव आंतल्या आंत कोंडून ठेवतो.

शीळेचें कारण निराळें आहे. अल्टरनेटर जी वीज निर्माण करतो ती मूळची उलटसुलट वाहणारी असते. डायोड नांवाचे घटक तिला एका दिशेनें वाहावयास लावतात. तरीही तिच्यावर बारीक लाटा राहतात. सहा ध्रुवजोड्यांच्या तीन फेजच्या अल्टरनेटरांत दर फेऱ्यास अशा 36 लाटा उठतात. तो मिनिटास 2,500 फेरे घेत असेल, तर सेकंदास 1,500 लाटा होतात, आणि तेवढ्या कंपनांचा स्वर मनुष्याच्या कानास अगदीं स्पष्ट ऐकूं येतो. हेडलाइट व पंखा एकदम लावून पाहावें. भार वाढतांच शीळ वाढली, तर निदान पक्कें झालें. बॅटरी या लाटा पुष्कळशा गिळून टाकते. म्हणून शीळ नव्यानें सुरू झाली असेल, तर बॅटरी क्षीण झाली आहे काय, तिचीं टोंकें पांढुरक्या क्षारानें माखलीं आहेत काय, हें आधीं पाहावें. डायोड निकामी झाला असेल, तर शीळेऐवजीं जाड गुरगुर येते आणि बॅटरीही नीट भरत नाहीं. अशा वेळीं रेडिओची खरखर हा रोग नसून रोगाची पहिली सूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास एखाद्या रात्रीं आडवाटेवर मोटार बंद पडण्याचा संभव असतो.

बॅटरी व अल्टरनेटर ठीक असूनही शीळ राहिली, तर सेटला वीज देणारी तार, बॅटरीजवळच योग्य फ्यूज घालून, सरळ बॅटरीपासून आणून पाहावी. सेट आणि ॲम्प्लिफायर हे दोन निरनिराळ्या ठिकाणीं पत्र्यास जोडलेले असतील, तर दोहोंची जोडणी एकाच स्वच्छ जागीं करावी. कारण पत्र्याच्या दोन टोंकांमधील अगदीं थोडा दाबही कर्ण्यांतून शीळ बनून बाहेर पडतो. एवढ्यानेंही भागलें नाहीं, तरच बाजारांतील फिल्टर विकत घ्यावा. पुष्कळ ठिकाणीं याच्या नेमका उलट क्रम चालतो : आधीं फिल्टर, मग नवा सेट आणि शेवटीं गंजलेला बोल्ट.

कांहीं उपद्रव मोठे चमत्कारिक असतात. कोरड्या हवेंत, गुळगुळीत रस्त्यावर, चाकें फिरतांना घर्षणानें विजेचा संचय होतो आणि बेअरिंगमधील तेलाच्या थरामुळें तो सहज निघून जात नाहीं. मग ठराविक वेगाच्या वर घरघर सुरू होते. ब्रेक हलकेच दाबतांच ती थांबली, तर ती चाकांची आहे असें समजावें. पाऊस पडल्यावर ती आपोआप नाहींशी होते. यावर पूर्वीं पुढील चाकांच्या टोपणांत एक लहान स्प्रिंग बसवीत असत.

अलीकडचा सर्वांत सामान्य उपद्रव मात्र टेलिफोन चार्ज करण्याच्या लहानशा चार्जरचा आहे. त्यांत वीज सेकंदास लाखों वेळां चालू-बंद केली जाते. एखादा चार्जर 150 किलोहर्ट्झवर चालत असेल, तर त्याच्या पटींत, म्हणजे 600, 750, 900, 1,050 असे मध्यम लहरींच्या पट्ट्यांत जागोजागीं त्याचे प्रतिध्वनि उमटतात. स्वस्त एल्.ई.डी. दिवे आणि कांचेवर लावलेला कॅमेरा यांचीही हीच गोष्ट. परीक्षा अगदीं सोपी : एकेक वस्तु काढून ठेवावी आणि ऐकावें.

येथें एफ्.एम्.चा उल्लेख अवश्य आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ एड्विन आर्मस्ट्राँग यास 1933 सालीं ज्या पद्धतीचें पेटंट मिळालें, तींत आवाज लहरीच्या उंचीवर नव्हे, तर तिच्या कंपनसंख्येच्या फरकावर लिहिला जातो. ठिणगीचा उपद्रव मुख्यतः उंची बिघडवितो, म्हणून एफ्.एम्. ग्राहकयंत्र उंचीचे चढउतार छाटून टाकूं शकतें. भारतांत आकाशवाणीनें 1977 सालीं मद्रास येथें ही सेवा प्रथम सुरू केली. परंतु तिची लहर जेमतेम तीन मीटरांची. ती डोंगराला वळसा घालीत नाहीं. घाटांत एफ्.एम्. फडफडतें, बोगद्यांत नाहींसें होतें, याचा दोष मोटारीकडे नाहीं. मध्यम लहर शेंकडों मीटर लांब असते. ती भूपृष्ठास धरून दूरवर जाते, पण उपद्रवही लवकर उचलते. प्रत्येकीचा गुण तिच्या दोषासकट घ्यावा लागतो.

आजवर सांगितलें तें ऐकणाराच्या सोयीविषयीं झालें. परंतु या विषयाला दुसरी बाजूही आहे. ज्या मोटारीची ठिणगी तिच्याच रेडिओंत तडतडते, तिची लहर रस्त्याकडेच्या घरांतही शिरते. या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं 1934 सालीं पॅरिस येथें एका आंतरराष्ट्रीय समितीची पहिली बैठक भरली. ‘सिस्पर’ या नांवानें ओळखली जाणारी ती समिति आजही मोटारींच्या उपद्रवाच्या मर्यादा ठरविते. ब्रिटनमध्यें घरोघर दूरचित्रवाणी येऊं लागल्यावर, 1952 सालीं, इंजिनाच्या ठिणगीपासून होणाऱ्या उपद्रवावर नियंत्रण घालणारे नियम करण्यांत आले. आपला रेडिओ स्वच्छ वाजावा म्हणून जो रोधक बसवावयाचा, तोच शेजाऱ्याच्या घरांतील शांतताही राखतो.

विजेवर चालणाऱ्या मोटारींत ठिणगी नाहीं, तरी उपद्रव आहे. तेथें शेंकडों व्होल्टांचा दाब सेकंदास हजारों वेळां चालू-बंद होत असतो. यामुळें कित्येक कारखान्यांनीं अशा मोटारींतून मध्यम लहरींचा रेडिओच काढून टाकला. 2023 सालीं अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें नव्या मोटारींतून तो वगळण्याचें ठरविलें होतें. परंतु वादळ, पूर अशा संकटकाळीं सरकारी सूचना याच मार्गानें दूरवर पोंचतात, असा आक्षेप निघाल्यावर त्याच वर्षीं मे महिन्यांत तिनें तो निर्णय फिरविला. उपद्रव आवरणें कठीण म्हणून ऐकणेंच सोडून द्यावें, कीं झांकण, रोधक आणि नीट जोडणी यांसाठीं थोडा अधिक खर्च सोसून ऐकण्याची वाट उघडी ठेवावी, असा हा प्रश्न आहे. आणि तो कारखानदारांपुरताच मर्यादित नाहीं.

पावसाळ्यांत दरड कोसळून घाटांत मोटारींची रांग अडकली आणि टेलिफोन मुके झाले, म्हणजे मोटारींतील रेडिओचें मोल कळतें. त्या वेळीं एरियलचें बूड घासण्यास सवड नसते. तेव्हां पहिला पाऊस पडण्यापूर्वींच एखाद्या रविवारीं सकाळीं बॅटरीचीं टोंकें पुसावींत, एरियल घट्ट करावी, चार्जर काढून ठेवावा आणि वर सांगितलेल्या तीन कसोट्या क्रमानें लावून पाहाव्यात. घरांतील शाळकरी मुलामुलींनाही या कामीं जवळ घ्यावें. कान देऊन ऐकणें, एका वेळीं एकच वस्तु बदलणें आणि मग निर्णय करणें, हा धडा त्यांना पुढेंही पुष्कळ ठिकाणीं उपयोगी पडेल.